डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

मामा व्हिडिओ गेममध्येसुद्धा लाल दिव्याला थांबायचे. शर्यत रंगात आलेली असायची, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जायच्या, दुकानातली पोरं कपाळाला हात लावायची, आणि मामा आपली गाडी पांढऱ्या पट्टीच्या मागे उभी करून हिरव्या दिव्याची वाट बघत बसायचे. "मामा, रेस आहे ही," असं कुणी म्हटलं की मान न वळवता म्हणायचे, "असू दे की. मागं साहेब बसलेत."

मागे साहेब कुठले? मागे दिल्लीच्या मुनिरकातल्या माझ्या दुकानाची ओल आलेली भिंत होती. पण मामा तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्याची पांढरी अँबॅसडर चालवत आले होते. मागच्या सीटवर डाव्या बाजूला साहेब आणि साहेबांच्या मांडीवर फाइल, ही त्यांच्या जगाची मांडणी होती. ती टीव्हीसमोर बसल्यावर बदलावी असं त्यांना वाटत नव्हतं.

मी मूळचा बार्शीचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलो, दोनदा आपटलो, आणि गावी तोंड दाखवण्यापेक्षा इथेच एक गाळा भाड्याने घेऊन दोन टीव्ही आणि दोन गेमची यंत्रं मांडली. खोल्या करून राहणारे विद्यार्थी यायचे, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतली मुलं यायची. पुढे मी यंत्रं आणि सीड्या विकायलाही लागलो. कुणाचा हात धरून वर आलो नाही, त्यामुळे जीभ तिखट राहिली. एका गिऱ्हाइकावर मी मराठीत खेकसत होतो, तेव्हा रस्त्याने जाणारे मामा थबकून आत आले आणि म्हणाले, "शेठ, शिवी सोलापूरकडची वाटते." त्या दिवसापासून मी शेठ आणि ते मामा. स्वतः साताऱ्याकडचे. शनिवारी-रविवारी क्वार्टरमधून चालत यायचे आणि खुर्ची अडवून बसायचे.

खेळायला बसण्याआधी ते खिशातून पिवळं फडकं काढून टीव्हीची काच पुसायचे, मग हातातला रिमोट पुसायचे. त्याला ते पावशेराचं स्टिअरिंग म्हणायचे. मग डोळे बारीक करून गाडी सुरू करायचे. वळणावर त्यांचं सगळं अंग त्या बाजूला कलायचं. पहिली पाच मिनिटं एक शब्द नाही. नंतर निकाल.

बहुतेक निकाल एकच असायचा: "गाडीला वजन नाही." वळताना मागचा भाग ओढला गेला पाहिजे, ब्रेक मारल्यावर नाक खाली गेलं पाहिजे, गिअर पडताना आवाज आधी दबला पाहिजे. हे नसेल तर ती गाडी नव्हे, पतंग. एका झगमगीत गेमला ते म्हणाले, "रंग चांगला आहे. हॉटेलबाहेर उभी करायला बरी." एका गेममध्ये मात्र सगळं बरोबर होतं. तो त्यांनी अर्धा तास चालवला आणि मला परत दिला. "गाडी अगदी खरी आहे, शेठ. म्हणूनच पोरं हिला हात लावणार नाहीत. खऱ्या गाडीत निम्मा वेळ काही घडतच नाही." तसंच झालं. ती सीडी वर्षभर धूळ खात पडली. खरं काय आणि खपेल काय, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला धंद्याने शिकवलं असं मी सांगतो. शिकवलं मामांनी.

त्यांना मनापासून आवडलेला एकच गेम होता, घाटातल्या शर्यतीचा. पहिल्या उतारावर ब्रेक मारताच ते ओरडले होते, "नाक खाली गेलं. बघ, नाक खाली गेलं." आणि मग त्यांच्या कोशातली सर्वांत मोठी शाबासकी: "ह्यात साहेबांचा चहा सांडेल." त्या घाटात तिसऱ्या वळणाआधी डाव्या हाताला एक मैलाचा दगड होता. मामा प्रत्येक फेरीला त्याच्याकडे हनुवटी उडवायचे. "ह्याला धरून ब्रेक मारायचा. घाटात दगड म्हणजे दोस्त."

मी धंदेवाला माणूस. असा जाणकार फुकट बसून राहतो हे मला बघवेना. मी त्यांना घाऊक व्यापाऱ्याकडे न्यायला लागलो. लालाजींनी पहिल्यांदा विचारलं, "ये बुजुर्ग कौन हैं?" मी म्हटलं, "हमारे एक्सपर्ट. तीस साल सरकारी गाडी चलाई है." मामा बसले, फडकं फिरवलं, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "लालाजी, ये गाडी नहीं, पतंग है. मांझा भी देते हो क्या साथ में?" लालाजी हसले आणि भाव उतरला. पुढे मामा नसले तरी मी त्यांचे शब्द घेऊन जायचो आणि तेवढ्यावर भाव पाडून आणायचो. परतल्यावर सांगायचो तेव्हा मामा म्हणायचे, "तू माझ्या तोंडाचं दुकान काढलंस, शेठ."

होळीच्या सुमारास मामांचा निकाल बदलला. आता वजनाबद्दल ते कमी बोलायचे. "ह्या गेममध्ये एक खोट आहे," म्हणायचे. "डावीकडून गाड्या उगवतात. खऱ्या रस्त्यावर गाडी आधी दिसते, मग येते. इथं एकदम अंगावर." मग दुसऱ्या गेममध्येही तेच. तिसऱ्यातही. मी लालाजींना जाऊन सांगितलं, नव्या मालात डावीकडच्या गाड्यांचा दोष आहे. लालाजींनी स्वतः खेळून पाहिलं, त्यांना काही सापडेना. "अरे भाई, आ तो रही है, दिख तो रही है." मी म्हटलं, "आपको क्या समझेगा, आपने स्टाफ कार चलाई है?" त्यांनी कंटाळून सूट दिली. मी खूश. सहा महिने मी त्या डाव्या बाजूवर सूट घेत होतो.

त्याच वर्षी गाझियाबादकडे नव्या वसाहती उठत होत्या. फ्लॅट, बाल्कन्या, दारापुढे नव्या परदेशी गाड्या. तिथे मी दुसरं दुकान काढलं आणि एका नव्या रेसिंग गेमचा मोठा माल उचलला. उद्घाटनाला मामांनाच पहिली फेरी मारायला बसवलं. नवी गिऱ्हाइकं भोवती उभी, हातात पेढे. मामांनी काच पुसली, सुरू केलं आणि पहिल्याच चौकात डावीकडून आलेल्या ट्रकला धडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत हिंदीत निकाल दिला, "झूठा गेम है जी. बाएँ से गाडी पैदा होती है." लोक हसले. एकाने हातात घेतलेला गेमचा डबा परत फळीवर ठेवला.

माझं डोकं फिरलं. मी मराठीत, पण सगळ्यांना कळेल अशा आवाजात म्हणालो, "गेम खोटा नाही, मामा. गाडी सगळ्यांना दिसते, तुम्हाला दिसत नाही. फुटले असतील तुमचे डोळे."

मला ते लागावं एवढंच हवं होतं. खरं असेल असं माझ्या मनातही नव्हतं. मामांनी फडक्याची घडी केली, खिशात ठेवलं आणि बससाठी निघून गेले.

त्या गुरुवारी ते मुनिरकात आले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. "ती घाटाची सीडी लाव," म्हणाले. मी लावली. तिसरं वळण आलं, हनुवटी उडाली नाही, ब्रेक लागला नाही, गाडी कठडा तोडून दरीत. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा दरी. मग हळू आवाजात विचारलं, "शेठ, त्यांनी तो मैलाचा दगड काढला का रे?"

दगड तिथेच होता. पडद्यावर, डाव्या हाताला, पांढरा, ठळक. मी बोट लावून दाखवला. मामांनी सगळी मान डावीकडे वळवली तेव्हा त्यांना दिसला. 

"अजून गाडी चालवता?" मी विचारलं.

"रोज. साहेबांना नऊला घ्यायचं असतं."

"उद्या डॉक्टरकडे चला."

"चौदा महिने राहिलेत रे रिटायरमेंटला. गाडी गेली की मला गेटवर बसवतील. रिटायर झाल्यावर दाखवतो."

"उद्या."

"दिवाळी होऊ दे."

"मामा, उद्या."

"महिनाअखेर. चल."

मी आयुष्यभर जे करत आलो तेच तिथे करत होतो, आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही. शेवटी सोमवारवर सौदा झाला. शुक्रवारी साहेबांचा मेरठचा दौरा होता, तो टाळता येणार नाही असं ते म्हणाले आणि मी मान्य केलं. चौदा महिन्यांवरून चार दिवसांवर आणलं म्हणून मला अभिमानसुद्धा वाटला. मग शुक्रवार उजाडला. त्या दिवशी मी दुकानातल्या फोनशेजारी बसून होतो. फोन करणार कुणाला? खात्यात सांगितलं तर मामांची नोकरी मी घालवली असती. नाही सांगितलं तर मुनिरका ते मेरठ या रस्त्यावर डाव्या बाजूला किती सायकली असतात, ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी मामा दारात येऊन उभे राहिले. "आलो," एवढंच म्हणाले. शर्ट घामाने चिकटला होता. "दिवसभर मान डावीकडे ठेवून चालवली. साहेब म्हणाले, काय शोधताय?"

सोमवारी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. मी सवयीने विचारलं, ऑपरेशन केलं तर थोडी तरी येईल का? लेझर? बाहेर कुठे? डॉक्टर प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे "नहीं" म्हणाले. तिथे घासाघिशीला जागाच नव्हती. मग त्यांनी मामांना विचारलं, "कब से है ये?" मामा म्हणाले, "ध्यान नहीं, साहब." डॉक्टर माझ्याकडे वळले. "छह महीने पहले आ जाते तो काफी बच जाता. किसी ने नोटिस नहीं किया?"

मी होळीपासून नोटिस करत होतो. त्यावर सूट घेत होतो. 

मामांनी त्याच दुपारी गाडीची किल्ली आपल्या हाताने जमा केली. त्यांना गेटवर नाही, पण लॉगबुकाच्या टेबलावर बसवलं. चौदा महिने ते दुसऱ्यांच्या फेऱ्या लिहीत राहिले. शनिवारी दुकानात यायचे, पण रिमोट हातात घ्यायचे नाहीत. बाजूला बसून नुसता आवाज ऐकायचे आणि एखाद्या पोराला सांगायचे, "गिअर उशिरा टाकलास."

निवृत्तीनंतर ते साताऱ्याला निघाले तेव्हा मी निजामुद्दीन स्टेशनवर गेलो. मामी आधीच डब्यात जाऊन बसल्या होत्या. माझ्या हातात त्यांची बॅग होती आणि मी नेहमीसारखा उजवीकडून चालत होतो. मामा म्हणाले, "शेठ, तू डावीकडून चाल." मी बाजू बदलली. हमाल, गाडे, माणसं आता माझ्या बाजूने येत होती आणि मामा माझ्या खांद्याला खांदा लावून सरळ चालत होते.

गाडी सुटायच्या आधी मी उद्घाटनाच्या दिवसाचा विषय काढला. ते म्हणाले, "त्या गेमला मी उगाच खोटा म्हणालो. तुझा माल पडून राहिला असेल." आणि खिडकीतून पिवळं फडकं माझ्या हातात दिलं.

माझी मामांविरुद्ध तक्रार आहे ती हीच. मी भरल्या दुकानात त्यांना जे बोललो त्याबद्दल त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. एक शिवी दिली असती तर हिशेब मिटला असता. चार वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं, आता ती शिवी कुणाकडून येणार?

अजूनही नवा रेसिंग गेम आला की मी आधी काच पुसतो, मग बसतो. वजन वगैरे नंतर. आधी डावीकडे बघतो. गाडी येत असते. लांबूनच दिसते.