कारवीच्या वाळक्या काड्या

किस्से कुणी जमवायला जात नाही, ते पॅन्टला कुसळं चिकटावीत तसे आपोआप चिकटतात. आमचा ‘कारवी वाचवा’ ग्रुप काढून अजून वर्ष झालं नाही, पण सांगायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे डोंगराचा उतार आहे. त्यावर कारवीचा एक पट्टा उरलाय. बाकी उताराचं पार्किंग झालं. कारवी म्हणजे माणसाच्या उंचीचं झुडूप. सातेक वर्षांनी एकदाच जांभळी फुलते आणि मग उभ्या उभ्या वाळते. त्या वाळक्या बोंडांत बी असतं. ते खाली पडलं तर पुढची कारवी, नाहीतर विषय संपला! म्हणजे तिला जपायचं ते मेल्यावर. हे लोकांना समजावणं म्हणजे आमचा ग्रुप.

ग्रुपमध्ये मालवणचे सावंत काका, आधी गिरणीत, मग वॉचमन, आता रिटायर. शाळेत शिकवणाऱ्या कांबळे मॅडम. आणि मी, दिनेश. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे म्हणून मी अ‍ॅडमिन! मीटिंगमध्ये मी बोलत नाही. शाळा नववीत सुटली, त्यामुळे कुणी ‘बायोडायव्हर्सिटी’ म्हणालं की मी चहा सांगायला उठतो.

*

कारवी फुलली तेव्हा अख्खं मुलुंड सेल्फी काढायला लोटलं. एक बाई जांभळ्या साडीवर मॅचिंग म्हणून आल्या. फोटो झाले. मग म्हणाल्या, “नवरा आज ऑफिसला गेलाय. पुढच्या रविवारी असेल ना हे?”

काका म्हणाले, “ह्या रविवारी नाय इलो, तर आता सात वर्सांनी. थांबतलंस तर खुर्ची देतंय!”

*

फुलं गेली, काड्या उरल्या, आणि सोसायटीचे सेक्रेटरी जागे झाले. “मॅडम, हे झाड सरकारच्या दुर्मिळ यादीत आहे का?”

“नाही. पण आपल्या उतारावर एवढंच उरलंय.”

“यादीत नाव नाही ना? मग ते गवत!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तुमचं नाव कुठल्या यादीत आहे? तरी आम्ही तुम्हाला तोडलं का?”

त्या दिवसापासून सेक्रेटरी मॅडमना गुड मॉर्निंग करत नाहीत. मॅडम म्हणतात, तेवढंच सकाळच्या शांततेचं संवर्धन झालं.

*

मार्चमध्ये एका कंपनीची माणसं हिरवे टी-शर्ट घालून वृक्षारोपणाला आली. भर उन्हात वृक्षारोपण! का, तर कंपनीचं वर्ष मार्चमध्ये संपतं. आम्ही पोचेपर्यंत गुलमोहराची रोपं लावून झाली होती. प्रत्येक रोपाला एक काठी बांधलेली.

मॅडमनी विचारलं, “काठ्या कुठून आणल्या?”

त्यांचा लीडर खूश होऊन म्हणाला, “आणल्या नाही मॅडम! इथेच एवढ्या वाळक्या पडल्या होत्या ना, यार! झीरो वेस्ट!”

अर्धा पट्टा गेला. गुलमोहर एप्रिलमध्ये मेले. काठ्या मात्र ताठ उभ्या!

*

काकांनी त्या काठ्यांवरची बोंडं वेचून घरी नेली आणि स्वयंपाकघरात खिडकीत ठेवली. सकाळी काकूंनी नळ सोडला, शिंतोडे उडाले. जरा वेळाने तड्! मग तडतडतड! कारवीचं वाळकं बोंड भिजलं की फुटतं आणि बी लांब फेकतं, हे काकूंना कोण सांगणार? त्यांनी गॅस बंद केला आणि अख्ख्या मजल्याला जिन्यात उभं केलं.

आता काकांना घरात काहीही आणायचं असेल तर काकू दारातच विचारतात, “ह्या फुटता काय?”

*

मे संपत आला. पावसाचा पत्ता नाही, आणि सेक्रेटरींची नोटीस लागली: मान्सूनपूर्व साफसफाई, सोमवारी उतारावरच्या सर्व काड्या काढणार. म्हणजे बोंडं न भिजताच कचऱ्याच्या गाडीत! आमची वाट लागली. सोसायटीत पाणीकपात, बादल्यांनी किती भिजवणार?

रविवारी भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारे. पांढरा झब्बा, मागे दहा पोरं, आणि रस्त्यात स्वतःचा फोटो लावलेला पाण्याचा टँकर. काड्या बघून म्हणाले, “अरेरे, हे तर मेलंय! तुम्ही वाचवता ते हेच का?”

मी चहा सांगायला उठलो होतो. पण तोंडातून निघून गेलं, “भाऊ, तुमच्या हातचं पाणी मिळालं तर वाचेल.”

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

भाऊंनी पाइप हातात घेतला. पोरांनी मोबाइल काढले. भाऊंनी उरलेला अख्खा पट्टा चिंब केला आणि मध्ये उभं राहून भाषण सुरू केलं. “मित्रांनो, मेलेल्यात जीव आणणारं नेतृत्व—”

तड्!

मग चारी बाजूंनी तडतडतडतड! एक पोरगा ओरडला, “भाऊ, खाली!” आणि दहाही पोरं भाऊंच्या अंगावर पडली.

चिखलातून आवाज आला, “कोण आहे रे? कोणाची माणसं?”

काका वरून म्हणाले, “काय नाय भाऊ, तुमचा पाणी पावला!”

सोमवारी सेक्रेटरी कोयतेवाले घेऊन आले. आम्ही तिघं चहाची किटली घेऊन उभे. सेक्रेटरी संशयाने म्हणाले, “काय हो, आज भांडणार नाही?”

मॅडम म्हणाल्या, “गुड मॉर्निंग. साखर किती?”