खंडेनवमीचे दोन चंबू

कार्बन आणि हायड्रोजनची गाठ तोडायची तर भट्टी पेटवावी लागते, असं आम्ही लोणावळ्याच्या कॉलेजात मुलांना शिकवत होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी ती भट्टीशिवाय तोडत होतो. नारिंगी अ‍ॅझोबेन्झीन मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, पॅलेडियमचा क्षार घालायचा आणि स्वस्थ बसायचं. ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यासारखं पॅलेडियम आधी त्यातल्या नायट्रोजनला धरतं. मग हळूच आत शिरून जवळच्या कार्बनवरचा हायड्रोजन उठवतं आणि त्याच्या जागी स्वतः बसतं. तळाशी लाल साका जमतो, सुटलेल्या हायड्रोजनचं द्रवात आम्ल उतरतं.

पुण्याचे एक मोठे शास्त्रज्ञ हे बघायला येणार होते. पटलं तर मला आपल्या प्रयोगशाळेत घेणार होते. आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना नेमकं खंडेनवमीला बोलावलं. पूजेला प्रमुख पाहुणा आयताच मिळाला. तराजू, बर्नर, चंबू मांडले गेले. बेडसे गावचा आमचा शिपाई दाराशीच थांबला. "आमी बौद्ध झालो, सायेब. हार आणून दिलाय, पूजा तुमी करा." प्रमुखांनी भाषण केलं आणि भाषणाच्या भरात कुंकू असं उधळलं की माझ्या चंबूतही पडलं.

पाहुण्यांनी चंबू उजेडात धरला. "लाल साका म्हणता तो हाच? हे तर कुंकू दिसतंय."

प्रमुख शिपायावर गरजले, "झाकण कुठंय याचं?"

"तुमीच काढलंत की, फूल वाहायला."

माझं पुणं त्या चंबूत बुडत होतं. पण आमच्याकडचं कुंकू म्हणजे हळद आणि चुना. आम्लात ते लाल राहूच शकत नाही. मी ताटातलं कुंकू दोन कागदांवर चिमूटचिमूट ठेवलं. एकावर शेजारच्या बंद चंबूतला द्रव सोडला. त्यात नुसता क्षार होता, अ‍ॅझोबेन्झीन नव्हतं. कुंकू लालच राहिलं. दुसऱ्यावर माझ्या चंबूतला सोडला. ते पिवळं पडलं.

"हायड्रोजन सुटला नसता तर हे आम्ल आलं कुठून?" मी म्हणालो. "चंबूत पडलेलं कुंकूही पिवळंच झालं असणार. अजून लाल आहे ते माझं."

"बघा, पूजेचं फळ लगेच मिळालं," प्रमुख म्हणाले.

पाहुणे दोन्ही कागद घेऊन खिडकीशी उभे होते. "क्षार किती उरलाय?"

"एकदा पुरेल इतका."

"दसरा झाला की घेऊन या. माझ्या टेबलावर करा. आणि राहायची सोय बघूनच या."