साक्षीत न बोललेली तीन वाक्यं

गेल्या आठवड्यात इथल्याच दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं - बघण्यासारखे कोर्टरूम ड्रामा सुचवा. मी आठ नावं दिली. निकष एकच : ज्यात वकील टेबलावर मूठ आपटतो तो सिनेमा बाद. उरलेल्यांत पेच खरा असतो. अशील गुन्हेगार आहे हे वकिलाला कळलेलं असतं, किंवा सत्य न्यायाधीशाला ठाऊक असतं पण पुराव्यात नसतं. त्यावर एकांनी विचारलं, "तुम्ही कोर्टात नोकरी केलीत ना? खऱ्यात असं काही पाहिलंत?"

पाहिलं. एकदाच. आणि ते या 'अमानवीय' धाग्यावर लिहावं लागतंय, याचं मलाच ओशाळं वाटतंय...

कारण असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मुरबाडच्या रस्त्यावर पांढरी साडी पाहिलेले किमान दहा जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या उलटतपासणीत ती साडी पाच मिनिटंही टिकली नसती.

मी स्टेनो. बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात. शहापूर की मुरबाड ते सांगत नाही. नावंही बदलली आहेत. कामाची पद्धत मात्र सांगायला हवी. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, न्यायाधीश ते कागदाच्या भाषेत सांगतात, मी टाईप करतो. शेवटी साक्ष वाचून दाखवायची, मग सही किंवा अंगठा. या वाचनाला बहुतेक जण नुसतं "हो हो" म्हणतात. आपण इतकं भारदस्त बोललो, यानेच ते दबून गेलेले असतात.

खटला आडबाजूच्या एका पाड्यातला. खळ्यावर रचून ठेवलेली भाताची उडवी कुणीतरी पेटवली. एका घराचं वर्षाचं खाणं गेलं. आरोपी किसन, पंचविशीतला, वीटभट्टीवर जाणारा. त्या घराशी त्याचं बांधावरून भांडण झालेलं, म्हणून संशय त्याच्यावर. शाबीत झालं असतं तर दोन-तीन वर्षं आत. बायको कडेवर तान्हं घेऊन मागच्या बाकावर बसायची.

त्याच्याविरुद्ध साक्षीदार एकच - शेजारची सोनीबाई. जानेवारी महिना, दुपारचे पावणेतीन. बाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर.

"किसनला बगितला मी. तिनसांजचा खल्याकडं चालला होता."

न्यायाधीश मॅडमनी सांगितलं, मी टाईप केलं : 'सायंकाळच्या सुमारास मी आरोपीस खळ्याच्या दिशेने जाताना पाहिले.' किसनच्या वकीलसाहेबांनी झगा सावरत भलामोठा उलटतपास घेतला. बाई हलली नाही. साक्ष संपली. मी प्रिंट काढली आणि तिला वाचून दाखवू लागलो. चौथा परिच्छेद संपला, आणि पुढचं मी सवयीने वाचून गेलो :

'सकाळी सुरेशच्या शर्टाला घासलेटचा वास मारत होता. मी तो वड्यावर नेऊन धुतला. कुनाला बोलले नाय.'

सुरेश म्हणजे तिचा मुलगा, वडा म्हणजे ओढा.

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं. ही वाक्यं बाई बोलली नव्हती. मॅडमनी सांगितली नव्हती. आणि बावीस वर्षांत 'नाय' हा शब्द मी कधी साक्षीत टाईप केला नव्हता.

"हे मी सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही टाईप केलंत?"

"बोटं माझीच, मॅडम. मजकूर माझा नाही."

सरकारी वकील उठले, "मॅडम, जे बोललंच नाही ते रेकॉर्डवर राहू शकत नाही." बरोबरच होतं. वकीलसाहेबांकडे पहिल्यांदाच प्रश्न नव्हता. मॅडमनी किसनकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्या वयाने लहान होत्या, पण कायद्याला पक्क्या. म्हणाल्या, "काढून टाका."

मी ती तीन वाक्यं खोडायला घेतली. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"नका काढू. राहू दे ते."

"बाई, हे तुम्ही बोललात का?"

"बोलले नाय. पन खरं हाय."

मॅडमनी तिला नीट समजावलं : सक्ती नाही, उलट तुम्हीच अडचणीत याल, तुमचा मुलगाही. बाई ऐकत होती, बघत होती माझ्याकडे. "माज्या मनातलं या दादानं लिवलं. आता मनात ठेवून काय करू?" मग तिने सगळं सांगितलं, आणि ते मी रीतसर टाईप केलं.

किसन सुटला. सुरेशवर खटला उभा राहिला.

त्यानंतर मी बुद्धीला पटेल असं सगळं तपासलं. बाई पुटपुटली असेल? तिच्याजवळ उभ्या असलेल्या शिपायाने काही ऐकलं नव्हतं. चहाच्या टपरीवर काही कानावर पडलं असेल, आणि ते बोटांतून उतरलं असेल? पण त्या पाड्यातल्या कुणाशी माझं कधी बोलणंच झालेलं नव्हतं.

पुढे सुरेश जामिनावर तारखेला यायचा. सोनीबाईही यायची. तो एका बाकावर, ती दुसऱ्या. ती भाकरी पुढे करायची, तो तोंड फिरवायचा. एका तारखेला तिने मला व्हरांड्यात गाठलं.

"दादा, त्याला सांगा ना, मी तोंड उघडलं नव्हतं म्हनून. तो बोलं, आयशीनं मला धरून दिला. घरात जेवत पन नाय."

मी पेचात पडलो. निम्मं खरं सांगायचं, की गप्प बसायचं? तिचा चेहरा पाहून गेलो सुरेशकडे.

"तुझ्या आईने आधी काही सांगितलं नव्हतं. ती वाक्यं मी लिहिली. विचारल्यावर ती फक्त खोटं बोलली नाही."

तो माझ्याकडे वळला.

"म्हंजे शर्ट तिनं खरंच धुतला होता?"

"तुला माहीत नव्हतं?"

"मी दोन दिवस भायेर होतो. आलो तं शर्ट दांडीवर होता. मला वाटलं, कुनाला कललंच नाय." मग हळूच म्हणाला, "तिला पैल्या सकाळीच कललं होतं म्हंजे."

तो उठला, पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग तिथूनच त्याने मला विचारलं, "पन साहेब, वड्यावर ती एकलीच होती. मग तुमाला कुनी सांगितलं?"

सोनीबाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.