पेस्टच्या खोक्यातली बैलजोडी

दात घासायला पेस्ट लागते हे आमच्या गावात कुणाच्या गावीही नव्हतं. बायका मिश्री लावायच्या, गडीमाणसं कडुनिंबाची काडी चावायची, आणि आम्हा पोरांना चुलीतली राख. अशा गावात, त्या दुष्काळाच्या वर्षी, सोसायटीच्या दुकानात पेस्टची खोकी येऊन पडली. ज्वारी नाही, साखर नाही, पेस्ट! चूळ भरायला पाणी नव्हतं आणि म्हणे दात घासा. रेशनच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकेतून आलेल्या भरड धान्याच्या, पोत्यांशेजारी ती खोकी बघून बायका कपाळावर हात मारून घ्यायच्या. घेणारं गिऱ्हाईक एकच, आमच्या शाळेतले गुरुजी.

त्या प्रत्येक खोक्यात नखाएवढं प्लास्टिकचं जनावर निघायचं. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, एकदा मला एक हत्ती दिला आणि माझी झोपच उडाली. मग मी रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. "बाई, संपली का हो पेस्ट?" "अगं, दात घासू का खाऊ ती?" असं म्हणून त्या हसायच्या, पण नवं खोकं फोडलं की पहिली हाक मलाच. माकड मिळालं, बदक मिळालं, लांब मानेचं एक मिळालं, त्याला आम्ही उंटच म्हणायचो. सगळी मी काड्यापेटीत ठेवायचे. मला पाहिजे होता बैल. तो काही निघत नव्हता.

बैल पाहिजे होता, कारण आमचे बैल घरी नव्हते. ईटच्या अलीकडचं आमचं गाव, आणि जनावरांची छावणी लांब, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूला. तिथं माझ्या वडिलांचा, आप्पांचा, लांबचा एक भाऊ राहून आमची जोडी बघायचा. एक पांढरा, एक तांबडा. पांढरा जुवाला डावीकडं, तांबडा उजवीकडं. चुकून बाजू बदलली तर दोघंही पाय रोवून उभे राहायचे, मग आप्पांनी कितीही शिव्या घातल्या तरी. ती जोडी परत आली तर आमची पेरणी होणार होती. नाही आली तर आई-आप्पांनी तलावाच्या दुष्काळी कामावर खडीच फोडायची, ती कुठवर, कुणाला माहीत.

बाजारादिवशी कामाला सुट्टी असायची. त्या दिवशी आप्पा चालत छावणीवर जायचे. परत आले की आई विचारायची, "कशी हायती?"

"हायती," आप्पा म्हणायचे, आणि चपला काढून भिंतीला टेकायचे.

उन्हाळाभर एवढंच बोलणं. मी विचारलं, "कधी आणायची जोडी?" तर "आणू." आमच्या घरात तेव्हा कुणी रडत नव्हतं, भांडतसुद्धा नव्हतं. कामावर मिळालेलं सुकडीचं पीठ खायचं, विहिरीच्या तळाला बसून वाटीनं घागर भरायची, झोपायचं. आधी मला त्याची चीड यायची. माणसं आहात का दगड, असं वाटायचं. मग चीडही यायची बंद झाली. आतून काहीच वाटत नव्हतं, भूकसुद्धा लागल्यासारखी वाटायची नाही.

पोळा आला तोवर पावसाच्या दोन-चार सरी झाल्या होत्या, पण छावणी अजून मोडली नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दावणीला बैल नसले तर मातीचे करायचे. पण आमचा कुंभारही खडीवर गेलेला. आईनं पाट मांडला, जरा वेळ रिकाम्या पाटाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुजी ती जनावरं आण गं."

मला काय आनंद झाला! शिंगं असलेली दोनच होती. एक पांढरं हरणासारखं आणि एक तांबडा गेंडा.

"ह्याला एकच शिंग हाय," मी म्हटलं.

"असू दी. आपल्या तांबड्याचं बी एक मोडकंच हाय."

मी पांढरं डावीकडं ठेवलं, तांबडं उजवीकडं. तूप कुठलं, आईनं तेलातच हळद कालवली. बोटाच्या शेंड्यानं त्या एवढ्याशा खांद्यांना लावली आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

आप्पा उंबऱ्यात बसले होते. ते उठून आले, पाटापुढं उकिडवे बसले. पांढरं जनावर उचललं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

"माजं हाय ते! आप्पा, द्या की!" मी ओरडले.

 आईचं पिवळं बोट तसंच वर राहिलं होतं. मग तिनं विचारलं, "कवा गेला?"

"शिमग्याला."

"आन आता सांगताय व्हय?"

"सांगून काय केलं असतंस? सकाळी खडीवर जायाचंच हुतं."

म्हणजे शिमग्यापासून आप्पा दर बाजारादिवशी एकाच बैलासाठी तेवढं चालत होते आणि आम्हाला दोघांची खुशाली सांगत होते. मला आई-आप्पांचा असा राग आला! एकदा रडा तरी, असं ओरडावंसं वाटलं. पण आईनं डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही. परत हळदीत बोट बुडवलं, गेंड्याच्या खांद्याला लावलं आणि आवतन पहिल्यापासून म्हटलं. ते पांढरं जनावर मी पुन्हा कधी मागितलं नाही.

छावणी मोडल्यावर तांबडा घरी आला. नुसत्या बरगड्या. आईनं ओवाळलं, पायावर पाणी घातलं. आप्पांनी त्याला गोठ्यात नेऊन तसाच मोकळा सोडला. सगळा गोठा आता त्याचाच होता, कुठंही उभा राहिला असता. तो उजव्या कडेला गेला, आपल्या जुन्या जागी, आणि डावीकडं मान वळवून हुंगत राहिला.

आप्पा दावणीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.