खुब्यातला हिरा

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही मला थोडं ओशाळायला होतं. तेव्हा मी कळंब तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. वडील वारून तिसरा दिवस. राख सावडली, तर वडिलांच्या खुब्यात बसवलेला धातूचा सांधा राखेत नव्हता.

"साहेब, त्यात हिरा व्हता. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरच म्हणले, हिऱ्याचा लेप हाय."

त्यांचा संशय स्मशान राखणाऱ्या मामांवर होता; सारं गाव त्यांना मामाच म्हणायचं. ग्रामपंचायतीच्या त्या नोकरीवरच मामांचं घर चालायचं. मी त्यांना ठाण्यात आणून बसवलं.

"मामा, खरं सांगा."

"इतकी वर्षं राखण केली, हाडालाबी हात लावला न्हाय. आता म्हातारपणी हिरा चोरू व्हय? लई तपास करा, पर आधी च्या पाजा."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. मामांच्या बोलण्यात कुठंच फट सापडत नव्हती.

दुपारी बाजारातल्या सोनाराचा फोन आला. एक बाई काळवंडलेला धातूचा सांधा घेऊन आली होती. यातला हिरा दाखवा म्हणत होती. ती तक्रारदाराची बहीणच निघाली. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारलं, "ताई, विकायला गेला होतात?"

"न्हाय साहेब. दोघं भाऊ आबांच्या चितेपाशीच हिऱ्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. हिरा न्हाय असं सोनारानं सांगितलं तर भांडण मिटंल, म्हणून सावडताना सांधा गुपचूप पदरात घेतला. मामांना धरलंय, हे मला ठावंच नव्हतं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, पण हिऱ्याचा लेप म्हणजे काय, ते मलाही नीट कळलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "खडा नसतो हो. केसाहून पातळ थर असतो, हाडानं धातूला घट्ट धरावं म्हणून. चितेत तो उरलाही नसेल."

मी मामांना म्हणालो, "जा घरी."

ते उठले नाहीत. "आणताना जीपनं, गावादेखत. आता एकटाच चालत जाऊ व्हय?"

मी त्यांना जीपमध्ये पुढं बसवलं, चावडीसमोर उतरवलं आणि जमलेल्या लोकांदेखत त्यांची माफी मागितली.

ठाणे दैनंदिनीत आम्ही 'चौकशी करून सोडून दिले' एवढंच लिहितो. त्या ओळीनं माणसाची अब्रू परत येत नाही. ती जिथून उचलली, तिथं नेऊन द्यावी लागते. मला हे मामांनी शिकवलं.