शोभाच्या गोळीची वेळ

शोभा नाटकं करते, असं कित्येक वर्षं सगळे म्हणत राहिले.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. आता तरी पटलं असेल.

आर्वीच्या भाजीबाजारात ती बसायची. शेत घरचं, भाजी घरची, सांभार म्हणजे कोथिंबीरही घरचीच. मी बँकेतून सुटले की तिच्याकडे. भाजी कमी, गप्पा जास्त. रिटायर झाल्यावर तर नुसत्याच गप्पा.

मग संध्याकाळ झाली की तिची एक पापणी खाली पडायला लागली. नंतर आवाज. भाव सांगता सांगता नाकात जायचा आणि विझायचा.

एका हाताने पापणी वर धरायची, दुसऱ्या हाताने वांगी तोलायची.

"ताई, त्या बुढ्याले वाटलं मी डोया मारला. तवापासून रोज सांभाराची जुडी नेऊन राह्यला."

डॉक्टर बरेच झाले. एकाने रक्त कमी आहे म्हटलं. एकाने चष्मा दिला. एकाने तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला सांगितलं, या वयात बायकांचं असं होतं, त्यांचं मन रमवा.

मन रमवा म्हणे. भर बाजारात बसणाऱ्या बाईला.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यावं. ही मंडळी कुठल्या शाळेत गेली, देव जाणे.

पण घोळ शोभाचाही होता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिच्या लेखी पाहुणी जाणं. आदल्या दिवशी दुकान बंद, लवकर झोप. सकाळी ठेवणीतली साडी, पहिली एसटी, खिडकीला डोकं टेकून आणखी एक डुलकी. डॉक्टरसमोर बाई टवटवीत. डोळे टक्क, आवाज खणखणीत.

"अगं, तू आजार घरी ठेवून डॉक्टरकडे जातेस," मी म्हटलं.

"मंग काय पडेल तोंड घेऊन जाऊ? लोक काय म्हनतीन?"

वर्ध्याला मेंदूचे एक डॉक्टर संध्याकाळी बघतात असं कळलं. बाजाराच्या दिवशी, दुपारभर ओरडून झाल्यावर, मी तिला मातीच्या हातांनी तशीच उठवून गाडीत घातलं. वाटेत झोपू नये म्हणून भांडण काढलं. भांडायला ती कधी नाही म्हणायची नाही.

डॉक्टरांसमोर ती बोलायला लागली. त्यांनी तिला थांबवलं नाही.

बोलता बोलता पापण्या उतरल्या. आवाज नाकात गेला. शेवटचे शब्द आम्हाला ऐकूच आले नाहीत.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. तपासण्या झाल्या, नाव कळलं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. दुर्मीळ आजार. आपलंच शरीर नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आराम केला की थोडा वेळ सगळं ठीक दिसतं.

मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात तुम्हाला ताकद नेमकी कशासाठी हवी?"

असं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"मले बजारात भाव सांगता आला पायजे. घरी मी इशाऱ्यानं भागवीन."

गोळ्यांच्या वेळा तिच्या बाजारावरून ठरल्या. एक दुकान मांडायच्या आधी. एक जेवणाआधी, घास गिळता यावा म्हणून.

शोभा परत ओरडायला लागली. शेजारचा लसूणवाला म्हणे, पहिलंच बरं होतं.

मागच्या वर्षी ताप आला, छाती भरली. एका दवाखान्यात भरती केलं. नाव घेत नाही. तिथे तिच्या गोळ्या काढून घेतल्या, वॉर्डाच्या वेळेला मिळतील म्हणाले. तिला जेवणाआधीच लागते, हे मी ड्यूटीवरच्या नर्स पोरीला समजावलं.

"मॅडम, इथे सगळ्यांना एकच टाइम असतो."

जेवण आलं. गोळी आली नाही. घास अडकला, श्वास कोंडला.

मी भांडून गोळ्या तिच्या उशाशी ठेवून घेतल्या, तोवर ती फार खचली होती. त्यानेच गेली असं मी म्हणत नाही. पण जिला बोलताच येत नव्हतं, तिच्याकडून तक्रार नाही म्हणून सगळे निवांत होते.

शेवटी एकदा, गोळीनंतर, जरासा आवाज आला. मला वाटलं घरचं काही सांगेल.

"ताई, त्या पोरीवर नको चिल्लाऊ. तिले कोनी सांगतलंच नाई."

म्हणून पोरीवर नाही ओरडले. तिच्या वरच्या साहेबांवर ओरडले. पेशंटच्या गोळीची वेळ पेशंटला विचारा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, बघू.

ते अजून बघतायत. मी अजून जातेय.

शोभा, तुझी फार आठवण येते. सुखात राहा, बाई.