राजसबाईंचा मानेवरचा हात

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाळणाघरात, २००६ सालच्या डिसेंबरात, मुले सांभाळणाऱ्या राजसबाईंकडे लेखी हमी मागण्यात आली. पालकांनी घातलेली टोपी मुलांच्या डोक्यावरून त्या काढणार नाहीत, अशी ती हमी. सही नसेल, तर सोमवारपासून येऊ नये.

तंजावरकडच्या मराठी घरातल्या राजसबाईंची उमेदीची बावीस वर्षे चेन्नईतल्याच एका चिनी दंतवैद्याच्या घरी मुले सांभाळण्यात गेली होती. तिथल्या वृद्ध आजीने त्यांना शिस्त लावली. थंडीची चाहूल लागताच मुलांवर कपडे चढवू नयेत, ती सरताच उतरवूही नयेत. पोट, पाठ आणि पावले झाकावीत, डोके मोकळे ठेवावे. आणि काय घालायचे ते खिडकीकडे पाहून नव्हे, तर मुलाच्या मानेला मागून हात लावून ठरवावे. मान ओलसर तर एक कपडा कमी, गार तर एक जास्त. आजी गेली; हात राजसबाईंकडे राहिला.

पुण्याहून या कंपनीत नोकरीला आलेल्या रुचिराला हे ठाऊक नव्हते. बसथांब्यावर सगळे मफलर गुंडाळून उभे, हे पाहून तिने आपल्या दोन वर्षांच्या यशला लोकरी कानटोपी घेतली होती. दोनदा मूल उघड्या डोक्याने आणि पोटावर मऊ धोतराची पट्टी गुंडाळलेले हाती आले, तेव्हा तिने तक्रार केली.

व्यवस्थापिका देविका यांनी कागद पुढे सरकवला. “चीनमध्ये बर्फ पडतो, राजसबाई. इथे काय पडतं?”

“इथं तुमचा एसी आहे की, मॅडम. सकाळपासून पोरांच्या पोटावर.”

शेजारी बसलेल्या रुचिराने हसू आवरले. पण आधी विचारायला हवे होते, हे तिने बजावलेच. तेवढे राजसबाईंनी मान्य केले. सही मात्र केली नाही. त्यांनी स्वतः यशला टोपी चढवली, बंद बांधला आणि त्याला अंगणात खेळायला सोडले. दहा मिनिटांनी त्याला आईपुढे उभे केले.

“हात लावा, अम्मा. कपाळाला नको, मानेला.”

मान घामाने चिंब होती. रुचिराने टोपी पर्समध्ये टाकली आणि पट्टी कशी बांधायची ते विचारून घेतले. देविका मात्र हटल्या नाहीत. नियम तो नियम.

“नियम माझाही आहे,” राजसबाई म्हणाल्या, “आणि तुमच्याहून जुना.”

सोमवारी आठच्या ठोक्याला त्या सहीविना दारात हजर होत्या. देविका काही बोलणार, तोच रुचिराने टोपी न घातलेल्या यशला राजसबाईंपुढे आणून पाठमोरे उभे केले. त्यांनी त्याच्या मानेकडे हात पुढे केला.